मागची काच

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. सोलापूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एका एजंटानं गाडीचं दार माझ्या हातावर आपटलं, आणि मी किंचाळत असताना ते उघडून परत एकदा आपटलं. कारण एवढंच, की त्याच्या पांढऱ्याशुभ्र ‘सिंगल ओनर’ गाडीखाली एक माणूस गेला होता आणि ते मी गिऱ्हाइकाला त्याच्या तोंडावर सांगितलं. मीही त्याला सोडलं नाही. माझा उजवा हात मोकळा होता आणि त्यात पाना होता. आता तो मला बघितलं की रस्ता बदलतो.

मी शैलजा बिराजदार. बाजारात सगळे मला अक्का म्हणतात. माघारी काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझा धंदा म्हणजे जुनी गाडी घेण्याआधी तिची कुंडली काढून देणं. पूर्वी लोक काय बघायचे? किलोमीटर बघायचे, रंग बघायचे, ऑइल हुंगायचे, विम्याचे कागद चाळायचे. मीटर मागे फिरवता येतो, रंग मारता येतो, कागदाचं तर विचारूच नका. काचेला मात्र खोटं बोलायला शिकवता येत नाही. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

हे जरा समजावून सांगते. गाडीची समोरची काच ही एक काच नसते, दोन असतात. मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, काच फुटली तर तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून. आमच्याकडच्या उन्हात तो पापुद्रा मऊ पडतो. तो मऊ असताना जवळ मोठा आवाज झाला, की त्यातल्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या थरथरतात, सरकतात, एकमेकींत गुंततात. आतून एसीची थंड हवा लागत असेल तर पापुद्रा आतल्या बाजूनं घट्ट होत जातो, दुधावर साय धरते तसा. गुंतलेल्या साखळ्या तशाच गोठतात. आधीचा आवाज आतल्या थरात, नंतरचा त्याच्या बाहेर. एकदा पडलेली गाठ पुढच्या उन्हात सुटत नाही. नवा आवाज उरलेल्या मोकळ्या साखळ्यांवर बसतो.

विमानांच्या काचा तपासणाऱ्या संशोधकांना हे पहिल्यांदा दिसलं, आणि दोन-चार वर्षांत इस्त्रीएवढं यंत्र बाजारात आलं. काचेला चिकटवायचं, ते विशिष्ट प्रकाश आत सोडतं, गाठी वाचतं आणि त्यांचा परत आवाज करून तुमच्या कानात घालतं. त्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव कुणालाच आठवत नाही. बाजारात त्याला चुगली म्हणतात.

चुगलीला दोन गोष्टी जमत नाहीत. एक म्हणजे हळू बोललेलं तिला ऐकू येत नाही, कारण कुजबुजीनं साखळ्या हलतच नाहीत. काचेला ओरडणं कळतं, आपटणं कळतं, खदखदून हसणं कळतं. दुसरं म्हणजे काच फुटली की पापुद्र्यावरचा ताण सुटतो, गाठी सैल होतात आणि सगळं पुसलं जातं. फुटलेल्या काचेचा तुकडा घेऊन कोर्टात गेलात तर तो नुसता तुकडाच.

यानं गावात काय काय झालं म्हणून सांगू. नवरा-बायको भांडायची वेळ आली की गाडी बाजूला घेऊन खाली उतरायला लागले. हायवेवर भर उन्हात जोड्या उभ्या राहून एकमेकांवर ओरडताना दिसायच्या. एक पुढारी दर दिवाळीला सगळ्या काचा बदलायचा आणि गाडीला नवे कपडे केले म्हणायचा. एजंट लोक तर गाडी उन्हात उभी करून आत दिवसभर डीजे लावायचे, काच गाण्यांनी भरून टाकायची म्हणून. मी ती गाणी बाजूला काढायला शिकले. गाण्यांखाली बायकांचं रडणं असायचं, कानफटात मारलेल्याचे आवाज असायचे, चाकाखाली गेलेली कुत्री असायची. ऐकून ऐकून माझं काळीज दगड झालंय, असं मला वाटत होतं.

मग मल्लीचं लग्न ठरलं.

मल्लिका माझ्या धाकट्या भावाची, शिवाची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून तिचं जेवण, शाळा, आजारपण सगळं मीच बघितलं. मोठी होऊन पोरगी फिजिओथेरपिस्ट झाली. हात असे, की माझी आखडलेली मान एका झटक्यात सोडवायची. आधी तिचं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं, त्यामुळे शिवा धास्तावलेला होता. अशात वीरेश कोनापुरेचं स्थळ आलं. स्वतःचा चादरींचा कारखाना, दिसायला राजबिंडा, बोलायला साखर. पहिली बायको उमा तीन वर्षांपूर्वी अपघातात गेली होती. मे महिन्यातली दुपार, रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली, गाडी तिच्यावर धडकली. उमानं पट्टा लावला नव्हता, असं तो डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. मला तो बरा वाटला. मल्लीला तर आवडलाच होता.

साखरपुडा झाला आणि वीरेशनं शिवाला सांगितलं, मी नवी गाडी घेतोय, ही जुनी तुम्ही ठेवा, घरातली घरातच राहील. म्हणाला, दोन दिवस चालवून बघा. शिवा हुरळला. गाडी घेऊनच माझ्या शेडवर आला, दाखवायला. मी सवयीनं चुगली उचलली तशा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, पाहुण्यांची गाडी तपासायची म्हणजे त्यांच्या ताटातलं मीठ चाखून बघण्यासारखं आहे. मुलीकडच्यांनी संशय घेतला असं गावभर होईल, हेही लग्न मोडेल.

मी म्हटलं, यमाचा रेडा विकायला आला तरी मी त्याचे खूर बघेन. तर हा बाबा म्हणतो, “या गाडीला चुगली लावलीस अक्का, तर माझं तोंड बघू नकोस.” आणि चावी तिथंच विसरून तणतणत घरी गेला. इतकी वर्षं ज्याचं तोंड बघतेय त्याची एक दुपार सुट्टी मिळाली तर बरंच, असं म्हणून मी कामाला लागले.

खरं सांगते, मला काही संशय नव्हता. अपघाताची गाडी, समोरची काच बदललेलीच असणार, काही सापडणार नाही, माझं समाधान होईल, एवढंच डोक्यात. पण प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात तिच्या जन्माची खूण असते. समोरची काच नवी होती, ते ठीक. दारांच्या चारही काचा नव्या. आता समोरून ट्रॉलीला धडकलेल्या गाडीच्या मागच्या दारांच्या काचा कशाला बदलायच्या? मी गाडीच्या मागे गेले. मागची काच मात्र जुनी, पहिल्या दिवसापासूनची.

तिच्यावर लाल रेडियमची मोठी अक्षरं होती. ‘आईची कृपा’, आणि खाली ‘महादेवी’. हे मला साखरपुड्यातच कळलं होतं. गाडीच्या पूजेच्या दिवशी वीरेशच्या आईनं ती अक्षरं स्वतःच्या हातानं चिकटवली, जरा तिरकी लागली, आणि त्याच वर्षी ती वारली. गाडीतलं सगळं बदललं तरी ती काच त्यानं बदलली नव्हती. आईच्या नावाची काच काढून भंगारात कोण टाकेल? आपल्याकडं कुणी टाकत नाही. शिवाय त्याला वाटलं असणार की मागची काच बहिरी असते. बहुतेक गाड्यांत असतेच, एकेरी असते ती. पण या गाडीच्या महागड्या मॉडेलला ऊन अडवायला मागेही दुहेरी काच होती. हे शोरूमवाल्यांनाही धड माहीत नसतं.

वाचताना पापुद्रा घट्ट राहावा म्हणून मी एसी चालू केला, चुगली काचेला लावली आणि हेडफोन कानाला लावला.

पहिलं आलं ते हसणं. एका बाईचं. थांबवता येत नाही असं, मधेच श्वास घेऊन परत सुरू होणारं. बरोबर एक पुरुषही हसत होता. इतकं चांगलं काही मी त्या काचांमध्ये कधी ऐकलं नव्हतं. मीही खुळ्यासारखी एकटीच हसले. मग पुढचे दिवस आले, हॉर्न, डिकीचं आपटणं, रस्त्यावरची मिरवणूक.

आणि मग ती दुपार आली. तीच बाई ओरडत होती, “मला उतरव. इथंच उतरव मला.” ब्रेक किंचाळले. दार उघडल्याचा आवाज, आणि लगेच परत आपटून बंद. पुरुषाचा आवाज वीरेशचा होता, पण त्यात साखर नव्हती. तो तिला शिव्या देत होता, आणि शिवी संपली की लोखंड बसल्याचा आवाज येत होता. हाडावर लोखंड बसलं की कसा आवाज येतो ते मला या धंद्यात कळलंय. ती आधी नको म्हणाली, मग आई म्हणाली, मग नुसताच घशातून आवाज येत राहिला. त्यानंतरही तो मारत होता. मग शांतता. बराच वेळ काही नाही. मग गाडीचं इंजिन घोंगावलं, वाढत गेलं, आणि सगळ्यात शेवटी ती धडक.

धडक सगळ्यात शेवटी. म्हणजे पट्ट्याचा काही संबंधच नव्हता. ट्रॉलीवर गाडी घातली तेव्हा उमा बिचारी मेलेली होती.

मी हेडफोन ओढून काढला. काळीज दगड झालंय म्हणत होते ना मी? आदल्याच दिवशी मल्ली या गाडीत बसून त्याच्याबरोबर साडी बघायला गेली होती. त्याच सीटवर बसली असणार. मला इतकी भीती माझी बोटं चिरडली तेव्हाही वाटली नव्हती.

मी पोलिसांना कळवलं. ते म्हणाले, प्रयोगशाळेची गाडी पुण्याहून येईल, संध्याकाळ होईल, तोवर काच आहे तशी राहू द्या, गाडी हलवू नका, एसी बंद करू नका. वाचलेली काच थंड ठेवायची, असा त्यांचा नियमच होता. मग मी शिवाला बोलावलं. आला तो घुश्शातच. मी काही न बोलता हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. शेडच्या दारात जाऊन तो भडाभडा ओकला. मी त्याला पाणी दिलं, पाठ चोळली, म्हटलं आता गप बैस, पोलीस बघतील.

तो गप बसला असता तर त्याचा गुडघा आज धड असता. पण माझा भाऊ सरळ वळणाचा माणूस. सोयरीक मोडायची तर समोरच्याला बोलावून, तोंडावर सांगून, साडी-अंगठी परत करून मोडायची, हे त्याच्या अंगात भिनलेलं. पोलिसांकडून कळवणं म्हणजे त्याच्या लेखी हलकटपणा. मी आत यंत्राशी असताना त्यानं बाहेर जाऊन दोन फोन केले. एक मल्लीला, साडी आणि अंगठी घेऊन शेडवर ये म्हणून. दुसरा वीरेशला, तुमच्या वस्तू परत घेऊन जा म्हणून. त्यानं कारण विचारलं, तर यानं तेही सांगितलं. मागच्या काचेत सगळं ऐकलं म्हणाला. का सांगितलंस म्हणून मी विचारलं तर मला म्हणतो, विचारलं मग सांगायला नको?

मी शेडचं शटर ओढायला धावले. शटर अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात वीरेश वाकून आत आला. एकटाच होता. हातात कारखान्यातल्या मागाचा लोखंडी दांडा. अंगावर इस्त्रीचा शर्ट. आणि त्या माणसानं आधी मला नमस्कार केला. “नमस्कार, अक्का,” म्हणाला, आणि शिवाच्या गुडघ्यावर दांडा घातला.

शिवा खाली बसला, तर त्यानं त्याच गुडघ्यावर परत घातला. मी टेबलावरचा जॅक उचलून फेकला, तो त्याच्या खांद्याला लागला. मग तो माझ्याकडे वळला. मी काचेच्या पुढे आडवी उभी राहिले, काच माझ्या पाठीशी. तुला आधी मला फोडावं लागेल, असं काहीतरी ओरडले मी. त्यानं फोडलं. गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा मला माझ्याच आतून कट्कन आवाज ऐकू आला, आणि डावा हात लुळा पडला. पोटात लाथ बसली तशी मी गाडीच्या चाकाशी घसरले. त्यानं आणखी एक लाथ तोंडावर मारली. तोंडात रक्ताची चव आली आणि एकाच डोळ्यानं दिसायला लागलं.

आता तो काचेसमोर उभा राहिला. दांडा वर उचलला. मी डोळे मिटले.

काही झालं नाही. मी डोळा उघडला तर दांडा खाली आलेला. तो त्या अक्षरांकडं बघत होता. मग त्यानं दांडा भिंतीला टेकवून ठेवला, खिशातून रुमाल काढला, माझं रक्त उडालं होतं ते काचेवरून पुसलं, आणि नखानं ‘आई’तला ‘आ’ सोलायला लागला. वर्षानुवर्षं उन्हात भाजलेलं रेडियम, ते कुठलं निघतंय. तुकड्या-तुकड्यानं फाटत होतं. तो प्रत्येक तुकडा बोटावरून काढून शर्टाच्या खिशात ठेवत होता आणि पुटपुटत होता, क्षमा कर, क्षमा कर. ज्या हातानं त्यानं उमाचं डोकं फोडलं तो हात ती अक्षरं जपून सोलत होता. मला त्याचा इतका संताप आला, की उठता येत असतं तर मी दातांनी त्याचा गळा फोडला असता.

तेवढ्यात मल्ली आली. हातात साडीची पिशवी. अर्ध्या शटरखालून वाकून आली आणि समोर बापाचा पाय उलटा वळलेला, आत्या रक्तात. वीरेश चटकन म्हणाला, अक्का पडल्या, मला मदत कर. म्हणताना एक हात भिंतीकडच्या दांड्याकडे जात होता. मी ओरडले, “मल्ली, पळ.”

पोरगी पळाली नाही. तिनं पिशवी त्याच्या तोंडावर फेकली. त्यानं तिची वेणी धरून तिला ओढलं आणि तिचं तोंड डिकीच्या पत्र्यावर आपटलं. दोनदा आपटलं. तिचा दात तुटून माझ्या मांडीपाशी येऊन पडला. तिसऱ्यांदा आपटणार तर तिनं त्याचा अंगठा पकडून मागे मोडला. सांधे तिला ठाऊक होते. तो ओरडला, वेणी सुटली. चाकाच्या नटांचा लांब पाना माझ्या हाताशी होता. मी तो तिच्याकडं सरकवला. तिनं तो दोन्ही हातांनी फिरवला आणि त्याच्या जबड्यावर बसवला. वीरेश गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला.

मग शेडमध्ये शांतता झाली. एसीचा आवाज तेवढा येत होता. मल्ली पाना धरून उभी, धापा टाकत. मला वाटलं संपलं.

वीरेशनं मान वळवली. तोंडातून रक्ताची लाळ गळत होती, शब्द धड फुटत नव्हते. पण त्यानं अगदी हळू, लाडीगोडीनं बोलावं तसं मल्लीला सांगितलं, “पुढच्या वेळी मागची काच पण बदलीन.”

मल्लीनं पाना उचलला आणि त्याच्या उजव्या हातावर घातला. परत घातला. त्याच्या किंकाळ्या पत्र्याच्या छपराला धडकून परत येत होत्या. मी तिला थांब म्हटलं नाही. तिचा दम संपला तेव्हा ती थांबली. त्या हाताचं पुढे डॉक्टरांनाही काही करता आलं नाही, कोपरापासून कापावा लागला.

बाहेर लोक जमले, कुणीतरी पोलिसांना फोन केला. मी शिवाकडे सरपटत जात होते आणि माझ्या कानावर तो एसीचा आवाज पडत होता. एकदम माझ्या लक्षात आलं. मे महिना. पत्र्याची शेड तापलेली. काच मऊ. एसी आतून चालू. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर हे सगळं झालेलं.

काचेनं काय ऐकलं असेल ते मला चुगली न लावताही सांगता येत होतं. मारामारी. मग शांतता. मग पडलेल्या माणसावर घातलेले घाव आणि त्याच्या किंकाळ्या. वीरेश जे बोलला ते काचेला ऐकूच आलेलं नव्हतं. तो हळू बोलला होता. आणि ज्या क्रमावर मी त्याला फासावर चढवणार होते, तोच क्रम आता माझ्या पोरीचा होता. आधी शांतता, मग मार.

मी उजव्या हातानं टेबलाखालचा हातोडा काढला आणि गाडीला धरून उभी राहिले. हाड आतून टोचत होतं, पण काच फोडायला एक हात पुरतो. मल्लीनं विचारलं, काय करतेस. मी सांगितलं. काचेत तूही आहेस, पोलीस यायच्या आत हे मिटवू दे. तिला पटकन कळलं. तिनं माझा हात धरला नाही, ओरडलीही नाही. हेडफोन उचलला, कानाला लावला आणि ऐकायला लागली. तुटलेल्या दाताचं रक्त तिच्या हनुवटीवरून गळत होतं. आधी तिच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं, माझ्यासारखंच. मग ते गेलं. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि मी हातोडा धरून उभी राहिले.

हेडफोन काढून ती म्हणाली, “काच फोडलीस तर तो काय सांगेल?”

“लग्न मोडायचं होतं म्हणून या दोघींनी घेरून मारलं, असं सांगेल.”

“आणि उमाचं काय?”

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण तिच्याशी मी कधी खोटं बोललेली नाही. मी म्हटलं, “परत तेच. उमानं पट्टा लावला नव्हता.”

तिनं माझ्या हातातून हातोडा काढून घेतला. मी सोडत नव्हते. खरंच सांगते, मला त्या क्षणी उमाचं काही पडलं नव्हतं. मेलेल्या परक्या मुलीसाठी माझी जिवंत पोर तुरुंगात घालू का, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, “आत्या, आज सकाळपर्यंत मी तिच्याच जागेवर बसणार होते.” आणि एकेक बोट उलगडून तिनं माझी मूठ सोडवली. सांधे तिला ठाऊक होते.

पुण्याच्या लोकांनी काच गाडीतून सबंध काढली, पेटीत घातली. तिच्यावरचा ‘आ’ निघालेला होता, बाकीची अक्षरं तशीच होती.

खटला दोन वर्षं चालला. वीरेशचा वकील हुशार होता. त्यानं शेवटच्या दुपारचा आवाज कोर्टात परत परत लावायला लावला आणि विचारत राहिला, माझा अशील पडलेला होता की नव्हता? ही शांतता ऐकू येते की नाही? मी घसा फोडून सांगितलं की त्या शांततेत तो बोलला होता. शिवानं कुबडी टेकत उभं राहून सांगितलं. वकील म्हणाला, काच खोटं बोलत नाही हे तर आपणच बाजारात सांगत असता ना, अक्का? मल्लीला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, हो, पडल्यावर मारलं, तो जे बोलला ते ऐकून मारलं. वीरेशला जन्मठेप झाली. मल्लीला दोन वर्षांची शिक्षा झाली. मला न्यायाधीशांना चार शब्द सुनवायचे होते, शिवानं माझा पदर ओढून खाली बसवलं.

उमाची आई नीलव्वा अक्कलकोटकडच्या खेड्यातून प्रत्येक तारखेला यायची. काच सापडेपर्यंत तीन वर्षं ती लेकीलाच दोष देत होती, पट्टा का लावला नाहीस म्हणून. निकालाच्या दिवशी सगळे उठायला लागले तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. हात जोडून म्हणाली, ते मारल्याचं मी ऐकलं, आता त्या काचेतलं हसणं एकदा ऐकवा. न्यायाधीशांनी कागदांकडं बघितलं आणि होकार दिला.

कोर्टात उमा हसली. श्वास घेऊन परत हसली. बरोबर वीरेशही हसत होता, पण तो तिकडं पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. हसणं संपल्यावर नीलव्वा उठली आणि लेडी पोलिसांच्या मधे उभ्या असलेल्या मल्लीपाशी गेली. मल्लीच्या गालावर, जिथं पत्र्याचा वण आहे तिथं, तिनं हात ठेवला.

“ऐकलंस का गं?” तिनं विचारलं. “अशीच हसायची.”

“ऐकलं, अव्वा,” मल्ली म्हणाली.

मग पोलिसांनी तिला नेलं. मी आणि नीलव्वा तिच्या मागोमाग गाडीपर्यंत चालत गेलो.